कलाताईंचा उजवा कान

कलावती वलथरे यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या छातीइतक्या पाण्यात उभ्या होत्या, आणि पुढेही बहुतेक वेळा तशाच पाहिल्या. भिलाईच्या टाउनशिपमधल्या एका तरणतलावावर त्या सत्तावीस वर्षं बायकांना आणि मुलांना पोहायला शिकवत होत्या. डोक्यावर निळी रबरी टोपी, गळ्यात शिट्टी. शिट्टी त्या फारशी वाजवत नसत, कारण आवाजच तसा होता. पलीकडच्या काठाला धरून लोंबकळणाऱ्या बाईलाही वाटावं, ही आपल्या शेजारीच उभी आहे.

मी नेहरू नगरात राहते आणि शाळेत गणित शिकवते. वर्गात उभं राहून राहून गुडघे दुखायला लागले, तेव्हा कोणीतरी सुचवलं की पाण्यात चालत जा. म्हणून सत्तेचाळिसाव्या वर्षी मी संध्याकाळच्या लेडीज बॅचमध्ये नाव घातलं. पहिल्या दिवशी मी काठाकाठाने चालायला लागले तर कलाताई म्हणाल्या, चालायला बाहेर रस्ता आहे, इथे पोहायचं. तेव्हापासून त्यांची आणि माझी ओळख. बॅचमध्ये आम्ही दोघीच मराठी बोलणाऱ्या. त्यामुळे बॅच सुटल्यावर केस पुसता पुसता बोलणं व्हायचं आणि हळूहळू घरी जाणंयेणंही सुरू झालं.

त्यांचं माहेर भंडारा जिल्ह्यातलं. गावाला मोठा तलाव, वडील त्यात शिंगाड्याचा वेल लावायचे आणि पोरी त्यांच्याबरोबर पाण्यात उतरायच्या. पोहायला कोणी शिकवलं असं त्यांना आठवत नव्हतं. लग्न होऊन त्या भिलाईला आल्या. नवरा श्रीधर स्टील प्लांटच्या टाइम ऑफिसात क्लार्क. सेक्टरमधला दोन खोल्यांचा क्वार्टर मिळाला, मुलगा झाला. मुलगा चार वर्षांचा असताना त्याला घेऊन त्या टाउनशिपच्या तरणतलावावर गेल्या. तिथे कळलं की बायकांची बॅच काढायची आहे पण शिकवायला बाई मिळत नाही. श्रीधररावांनीच पुढे होऊन सांगितलं, माझी बायको पोहते. चाचणी म्हणून त्यांना पाण्यात उतरवलं, आणि त्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन फेऱ्या न थांबता मारून आल्या. त्या उन्हाळ्यापासून त्या तिथल्या झाल्या. नोकरी पक्की कधीच नव्हती. एप्रिल ते सप्टेंबर, दर वर्षी नवीन कागद.

बाहेरून बघणाऱ्याला हे काम मजेचं वाटतं. मलाही वाटायचं. बाहेर चव्वेचाळीस डिग्री आणि ही बाई थंड पाण्यात. पण सकाळी सहा ते नऊ मुलांच्या बॅचा, संध्याकाळी पाच ते सात बायकांच्या, म्हणजे दिवसाचे पाच तास त्या पाण्यात उभ्या असत. केस क्लोरीनने तांबूस आणि चरबट झाले होते. हाताची कातडी पांढरी पडून सोलायची. अंगाला तोच वास, कितीही साबण लावा. नवीन बाई पाण्यात घाबरली की गळ्याला मिठी मारते, ओरबाडते, आणि तिचं सगळं वजन शिकवणारीच्या मानेवर येतं. हे दिवसातून पाच-सहा वेळा. घरी गेल्यावर स्वयंपाक होताच.

आणि उजवा कान. दर वर्षी मेच्या दुसऱ्या आठवड्यात तो खाजायला लागायचा. मग जड व्हायचा, मग ठणकायचा. कलाताई केसांतला आकडा काढून आत फिरवायच्या, त्याने क्षणभर बरं वाटायचं आणि दुसऱ्या दिवशी जास्त दुखायचं. मग मेडिकलमधून थेंबांची बाटली यायची. दुकानदाराला नावही सांगावं लागत नसे. तीन दिवस थेंब घालायचे, तीन दिवस पाण्यापासून लांब राहायचं, दुखणं कमी झालं की चौथ्या दिवशी परत पाण्यात. उरलेली बाटली फ्रिजच्या दारात पडून राहायची. कधीकधी पुढच्या उन्हाळ्यात तीच उघडायची.

मी ज्या उन्हाळ्याबद्दल सांगते आहे तो दोन वर्षांपूर्वीचा. त्या वर्षी तीन दिवसांनीही ठणका गेला नाही. चौथ्या दिवशी त्या तशाच पाण्यात आल्या. टोपीखाली कापूस कोंबलेला. त्यांचं तोंड नीट उघडत नव्हतं हे मला बोलताना जाणवलं. घरून आणलेली पोळी त्या डाव्या बाजूने, अगदी सावकाश चावत होत्या. मी म्हटलं डॉक्टरला दाखवा. त्या म्हणाल्या, दर वर्षीचंच आहे, सीझन उतरला की आपोआप जाते.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी माझा पाय घसरला. जिथे तळ उतरत जातो त्या दोरीजवळ मी उभी होते. पाय निसटला, नाकातोंडात पाणी गेलं. वर आले तशी मी ताईंना हाक मारली. पुन्हा खाली गेले, पुन्हा वर येऊन हाक मारली. त्या माझ्यापासून चार हातांवर होत्या, उजवा कान माझ्याकडे, तोंड दुसरीकडे. एका मुलीला पाय मारायला शिकवत होत्या. त्यांनी वळून पाहिलं नाही. बँकेत काम करणारी शिल्पा माझ्या शेजारी होती, तिने माझा दंड धरून ओढलं.

मी काठाला टेकून खोकत होते तेव्हा ताई आल्या. त्यांनी विचारलं, हाक मारली होती का. मी नाही म्हटलं. शिल्पा लगेच म्हणाली, दो बार पुकारा मॅडम, जोर से.

 ताईंनी उरलेली बॅच काठावर बसवून संपवली. जाताना मला म्हणाल्या की पाण्यात शिकवणाऱ्या बाईचे डोळे एकीवर असतात, बाकी सगळ्यांवर कान ठेवावा लागतो. आपला कान आता काठावरच्या भिंतीसारखा झाला. मग विचारलं, शाळेला सुट्ट्या आहेत ना, उद्या सकाळी मले डॉक्टरकडे नेशील?

नेहरू नगरातच कान-नाक-घशाचे एक डॉक्टर आहेत, धनंजय नावाचे, दुर्गच्या जुन्या मराठी घरातले. साठीच्या पुढचे, हळू बोलणारे. त्यांच्याकडे गर्दी असते, पण पेशंट भराभर संपवायची त्यांना घाई नसते. त्यांनी कानाची पाळी वर करण्यासाठी नुसता हात लावला तशी ताईंची बोटं खुर्चीच्या हातावर आवळली गेली. दुर्बिणीचं बारीकसं नळकांडंही आत जाईना, इतकी आतली वाट सुजून मिटली होती. डॉक्टरांनी विचारलं, किती वर्षांपासून. मग विचारलं, काय काय घालता. ताईंनी पिशवीतून तीन बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या, एक मुदत संपलेली. डॉक्टरांनी तिन्ही बघितल्या आणि कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. आकड्याचंही त्यांनी विचारून घेतलं.

मग त्यांनी एका बारीक नळीच्या मशीनने कान साफ केला. ताई डोळे मिटून बसल्या होत्या आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी येत होतं, पण त्या हलल्या नाहीत. साफ झाल्यावर डॉक्टरांनी एक छोटी वात कानाच्या वाटेत सरकवली आणि तिच्यावर थेंब टाकले. त्यांनी समजावून सांगितलं की सूज इतकी आहे की थेंब वरच्या वर बाहेर येतात, आत पोचतच नाहीत. ही वात औषध पिऊन फुगते आणि सूज आहे तिथपर्यंत नेते. दोन-तीन दिवसांनी ती काढायची. थेंब मात्र दिवसातून तीन वेळा, चार-चार, पूर्ण दहा दिवस, दुखणं थांबलं तरी. दुसऱ्याने घालायचे, स्वतः नाही. बाटली आधी मुठीत धरून कोमट करायची, नाहीतर चक्कर येते. डाव्या कुशीवर झोपायचं, पाळी वर आणि मागे ओढायची, थेंब सोडायचे, कानाच्या तोंडाशी जो मांसल भाग असतो तो दोन-तीनदा दाबायचा आणि पाच मिनिटं तसंच पडून राहायचं. आंघोळ करताना व्हॅसलीन लावलेला कापूस. आकडा बंद. साखर तपासून घ्या, म्हणाले, कारण साखर असलेल्या माणसाचा कान असा बिघडला तर ते दुखणं हाडापर्यंत जातं. तपासली तर ती काठावर निघाली, फार नाही.

शेवटी त्यांनी सांगितलं की तीन आठवडे पाण्यात पाय ठेवायचा नाही.

ताई म्हणाल्या, सीझन चालू आहे. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिता लिहिता मान हलवली, म्हणजे ऐकलं एवढंच.

घरी थेंब घालायचं काम श्रीधररावांनी घेतलं. चौतीस वर्षं त्यांनी लोकांच्या हजेरीच्या वेळा सांभाळल्या होत्या, तेव्हा वेळ चुकण्याचा प्रश्न नव्हता. सकाळी सात, जेवायला घरी आले की दुपारी दीड, आणि संध्याकाळी आठ. समोरच्या खोलीतल्या दिवाणावर ताई कुशीवर व्हायच्या. श्रीधरराव चष्मा लावून, बाटली मुठीत धरून शेजारी बसायचे. पाळी ओढताना ते विचारायचे, दुखून राहिलं का. चार थेंब मोजून झाले की समोरच्या घड्याळाकडे बघत बसायचे.

पहिल्याच दुपारी पाच मिनिटं व्हायच्या आधी ताईंना झोप लागली. श्रीधररावांनी उठवलं नाही. कुकर उतरवला, हाताने वाढून घेतलं, जेवले, भांडी घासायला टाकली आणि ऑफिसला निघून गेले. ताई पावणेपाचला जाग्या झाल्या. हे त्यांनी मला चूक कबूल करावी तसं सांगितलं. तीन तास, म्हणाल्या, भर दुपारी, त्याच कुशीवर. डावा हात मुंग्या येऊन लाकडासारखा झाला होता.

तलावावर तीन आठवड्यांसाठी ऐश्वर्याला बोलावलं. चोवीस वर्षांची मुलगी, खेळाची शिक्षिका व्हायला बीपीएड करत होती. आठव्या वर्षी ताईंकडेच पोहायला शिकलेली, पुढे राज्य पातळीवर गेलेली. घरी मराठी, बाहेर पाऊण हिंदी. ताईंनी ठरवलं होतं की आपण काठावर खुर्ची टाकून बसायचं आणि तिच्यावर लक्ष ठेवायचं. पहिले पाच-सहा दिवस त्या बसल्या. छत्री, कानात कापूस, आणि तिथून सूचना. हनुवटी वर, पोट सैल सोड, घाबरू नको. पण काठावरून ओरडलेलं पाण्यातल्या बाईला नुसतं ओरडणं वाटतं हे त्यांच्या लक्षात आलं असावं. एकदा त्यांनी ऐश्वर्यालाही वरून काही सांगितलं. ऐश्वर्या पोहत काठाशी आली आणि मऊपणाने म्हणाली, "मॅडम, आप बैठो ना आराम से. मी बघते."

ऐश्वर्याची शिकवायची तऱ्हा वेगळी होती. ती ओरडत नसे. ती फोमच्या लांब काठ्या घेऊन आली होती, त्या प्रत्येकीच्या काखेत देई. आणि आपण तोंड पाण्यात घालायच्या आधी ती स्वतः खाली जाऊन आपल्याकडे बघत राही. मला पाठीवर तरंगता येत नव्हतं. ताईंनी दीड महिना माझ्या पाठीखाली हात धरला होता आणि तो काढला की मी बुडायचे. ऐश्वर्याकडे सहाव्या दिवशी मी तरंगले. कान पाण्यात, वर मोकळं आभाळ, खाली कोणाचाही हात नाही. मला इतका आनंद झाला की मी उभी राहून आधी काठाकडे बघितलं. ताई हसल्या आणि त्यांनी हात वर केला. पण त्या दिवशी त्या बॅच संपायच्या आधीच निघून गेल्या, आणि दुसऱ्या दिवशीपासून आल्याच नाहीत.

मला वाटलं, त्यांना लागलं. सत्तावीस वर्षांचं काम एका पोरीने सहा दिवसांत करून दाखवावं आणि तेही माझ्या अंगावर. दोन दिवसांनी मी संध्याकाळी पाच वाजता, म्हणजे बॅचच्याच वेळेला, त्यांच्या क्वार्टरवर गेले. दार श्रीधररावांनी उघडलं, त्यांची साप्ताहिक सुट्टी होती. ते हळू आवाजात म्हणाले, झोपली आहे. आत दिवाणावर ताई कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपल्या होत्या. पंखा, कूलर चालू होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर रागरुसवा काहीच नव्हता. श्रीधरराव मला स्वयंपाकघराच्या दारात घेऊन गेले आणि काळजीने म्हणाले की पाण्याशिवाय हिचं असंच होते. मासोळी आहे ती. पाण्याबाहेर काढली की गळून जाते.

ही मासोळी त्यांची नेहमीची होती. कोणालाही ओळख करून देताना ते सांगायचे, ही आमची मासोळी, आणि ताई शेजारी उभ्या राहून हसायच्या.

वात तिसऱ्या दिवशीच निघाली होती. दहा दिवसांनी आम्ही परत डॉक्टरांकडे गेलो तेव्हा ठणका पूर्ण थांबला होता आणि ऐकूही येत होतं. तीन आठवडे झाल्यावर तिसऱ्यांदा गेलो. डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं आणि बरं दिसतं म्हणाले. ताई घाईने म्हणाल्या की अजून खाजते. आत ओलं वाटते. डॉक्टरांनी पुन्हा पाहिलं. औषध काही नको, म्हणाले, पण वाटत असेल तर अजून एक आठवडा कोरडा ठेवा. बाहेर आल्यावर ताई स्कूटीवर माझ्या मागे बसल्या आणि आम्ही घरी आलो.

तो आठवडा संपला. चौथ्या वेळी दुर्बीण कानाला लागायच्या आधीच ताईंनी सांगून टाकलं, खाज आहे अजून. डॉक्टरांनी उजवा कान बघितला, डावा बघितला, परत उजवा बघितला. मग दुर्बीण बाजूला ठेवून ते आपल्या खुर्चीत बसले. बाहेर बरेच पेशंट होते. तरी त्यांनी पुढच्याला बोलावलं नाही.

"वलथरे बाई, कान साफ आहे," ते म्हणाले. "मागच्या आठवड्यातही साफच होता."

ताई पदराच्या टोकाकडे बघत होत्या. मला वाटलं, त्या आता काहीतरी कारण सांगतील.

"कानाले काही नाही झालं, डॉक्टरसाहेब," त्या म्हणाल्या. "मीच थकली. पाण्यात जावं वाटत नाही मले."

"केव्हापासून?"

"झाले असतील सात-आठ वर्षं."

घरी सांगितलं का, असं डॉक्टरांनी विचारलं. ताईंनी मान हलवली, नाही. डॉक्टर म्हणाले की कान बरा आहे, तर दुखते असं मी कागदावर लिहू शकत नाही. लिहिलं तरी आठ दिवसांनी तुम्ही इथेच परत याल. हे आधी घरी सांगा. मग ते माझ्याकडे बघून म्हणाले, यांना घेऊन जा, आणि उन्हाचं लगेच निघू नका, थोडं बसून जा.

आम्ही खाली औषधाच्या दुकानासमोरच्या बाकावर बसलो. समोर कोचिंगची मुलं पाठीवर ओझी घेऊन जात होती. ताईंना रडू येईल असं मला वाटलं होतं, पण त्या नुसत्या बसल्या होत्या, लांबचा प्रवास करून उतरलेलं माणूस बसतं तशा.

"मी तुले एक गोष्ट सांगते, नीरजा," त्या म्हणाल्या. "दर वर्षी कान दुखायला लागला का मले बरं वाटे. वाटे, चला, आता तीन दिवस तरी सुटतात. मग माझी मलेच लाज वाटे. काम आहे, लोक मान देतात, घरी कौतुक, आणि आपण दुखण्याची वाट पाहून राहिलो. म्हणून चौथ्या दिवशी मी जायचीच. दुखत असलं तरी जायची."

आम्हाला सगळ्यांना वाटायचं की तीन दिवसांत थेंब बंद करतात ते पाण्याच्या ओढीने. मलाही तेच वाटायचं. मी त्यांना विचारलं, मी तरंगले त्या दिवशी तुम्ही लवकर गेलात, ते तुम्हाला बघवलं नाही म्हणून का. त्या म्हणाल्या, लागलं थोडं, खोटं कशाला बोलू. पण घरी जाता जाता वाटलं, बरं झालं, ही पोरगी करते. आता मी नाही गेली तरी कोणी बुडत नाही.

श्रीधररावांना त्यांनी त्याच दुपारी सांगितलं. ते जेवत होते. ताईंनी मला नंतर जसं सांगितलं तसं इथे लिहिते. थेंब बंद झाले होते, पण दुपारी दोघं समोरासमोर बसायची सवय राहिली होती. ताईंनी सांगितलं की कान आठ-दहा दिवसांपूर्वीच बरा झाला, मीच डॉक्टरला खोटं सांगत होती. श्रीधररावांचा घास हातात राहिला. त्यांनी विचारलं, पाण्याची भीती बसली का. ताई म्हणाल्या, भीती नाही. कंटाळाही नाही. आता होत नाही माझ्याने.

"मग इतके वर्षं सांगितलं कावून नाही?"

"तुमाले किती कौतुक होतं. कोणत्या तोंडाने सांगू?"

 श्रीधररावांनी ताट उचलून मोरीत ठेवलं, हात धुतले, टॉवेलला पुसले. परत येऊन दिवाणाच्या कडेवर बसले. मग म्हणाले, "मी तर दहा वर्षांपासून रिटायरमेंटचे दिवस मोजून राहिलो. मले तारीख तरी आहे. तुले तर कोणी तारीखच नाही दिली." आणि त्यांची ऑफिसची वेळ झाली होती, तर ते गेले. त्यानंतर मासोळी हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही.

ताईंनी लगेच सोडलं नाही. ऐश्वर्याची परीक्षा जुलैत होती आणि त्या काळात बॅच वाऱ्यावर सोडणं त्यांना जमलं नसतं. सकाळच्या मुलांच्या बॅचा त्यांनी तलावाच्या मॅनेजरला दुसऱ्या कोचकडे द्यायला लावल्या. संध्याकाळच्या तेवढ्या ठेवल्या. कानात सिलिकॉनचं बूच, त्यावर टोपी, आणि बाहेर आल्यावर मान तिरकी करून कान टॉवेलच्या टोकाने बाहेरूनच पुसायचा, एवढं त्या पाळत होत्या. दिवसाला दोन तास पाणी. कान पुन्हा दुखला नाही. परीक्षा संपल्यावर ऐश्वर्या परत आली आणि दोघींनी मिळून सप्टेंबर काढला.

शेवटच्या आठवड्यात ताईंनी मॅनेजरला लिहून दिलं की पुढच्या वर्षी मी येणार नाही, ऐश्वर्याला घ्या. ते पत्र मीच लिहून दिलं होतं, हिंदीत, पाच ओळींचं. मॅनेजरने विचारलं, तब्येत की वजह से? ताई म्हणाल्या, हाँ, और उमर भी. शेवटच्या दिवशी बायकांनी समोसे आणले, फोटो काढले. कोणीतरी भाषण करायला सांगितलं तर त्यांनी हात जोडले आणि सगळ्यांना सांगितलं की ओल्या केसांनी कूलरपुढे बसू नका. बस, एवढंच.

पुढचं वर्ष लगेच सोपं गेलं असं नाही. एप्रिल लागला तशी त्यांना पाच वाजता अस्वस्थ वाटायचं. घरात उगाच या खोलीतून त्या खोलीत फिरायच्या. थकवाही लगेच गेला नाही. त्या म्हणायच्या, इतकी झोपते तरी अंगातलं जात नाही, कुठे कुठे साचलं होतं कोण जाणे. साखरेसाठी सकाळी चालायला जायचं ठरलं होतं, ते कधी व्हायचं, कधी नाही. श्रीधरराव त्याच वर्षी रिटायर झाले. दुपारी दोघं जेवून झोपायची, एक दिवाणावर, एक खाली चटईवर. चार वाजता चहा कोण करणार यावर थोडी कुरबूर व्हायची. मुलाने पुण्याला बोलावलं, त्या गेल्या, आणि महिन्याच्या आत परत आल्या. तिथे झोपायला निवांत मिळत नाही, म्हणाल्या. मेमध्ये माझी सुट्टी असते. मी अधूनमधून जायचे तेव्हा त्या बहुतेक वेळा नुकत्या उठलेल्या असायच्या, गालावर उशीचा वळ.

मेच्या शेवटी ऐश्वर्याने त्यांना फार आग्रह करून बोलावलं. नवीन बॅच मोठी होती, चाळीस बायका. तिला वाटलं, मॅडमनी एकदा बघून जावं. मी आणि ताई बरोबरच गेलो. ऐश्वर्याने त्यांच्यासाठी सावलीत खुर्ची ठेवली होती आणि सगळ्यांना सांगितलं की माझ्या मॅडम आहेत. बायकांनी पाण्यातूनच नमस्ते केलं. ताई बसल्या. पाणी किती टाकलं, क्लोरीन जास्त वाटतं का, लहान मुलांसाठी दोरी बदलली का, असं एक-दोन विचारलं. एक जाड बाई दोरीजवळ उभी राहून हुंदके देत होती आणि ऐश्वर्या तिला काहीतरी समजावत होती. ताई तिच्याकडे बघत राहिल्या. मी विचारलं, उतरावंसं वाटतं का.

त्यांनी थोडा विचार केला. मग नाही म्हणाल्या. अर्ध्या तासाने उठल्या, कारण खुर्चीवर ऊन यायला लागलं होतं, आणि आम्ही घरी निघालो.